उसाच्या फडातला हबक्या: भीतीवर जगणारी प्रजाती कशी रचायची

कथेसाठी, चित्रकथेसाठी, गेमसाठी भीतीवर जगणारा प्राणी रचायला बसलं की बहुतेक जण दातांपासून सुरुवात करतात. सुरुवात पोटापासून करा. भीतीत कॅलरी नसतात. घाबरलेल्या माणसाच्या साधारण पाच लीटर रक्तात मिळून अ‍ॅड्रेनलिन भरतं काही मायक्रोग्रॅम. साखरेचा एक दाणा त्याच्या शेकडो पट वजनाचा असतो. घामाचंही तेच, लीटरभर घामातून मोजक्याच किलोकॅलरी निघतील. भीतीचा वास घेऊन, भीतीचा धूर पिऊन जगणारं काही लिहायचं असेल तर ते भूत म्हणून लिहा. मुंजाला, हडळीला पोट नसतं, त्यांना ते चालतं. प्रजात म्हटली की तिला जन्म, वाढ, वीण, विष्ठा आणि मरण हे सगळं द्यावं लागतं.

मग भीतीचा उपयोग काय? ती अन्न नव्हे, अन्नापर्यंत पोचायचं साधन. निसर्गात याचा चोख दाखला आहे. आपल्याकडे तारेवर बसणारा काळा कोतवाल सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातला भाऊबंद धोक्याचा खोटा इशारा देतो. मुंगसाच्या कुळातले मीरकॅट आणि सातभाईंच्या जातीतले पक्षी तोंडातलं भक्ष्य टाकून पळतात आणि हा ते उचलतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याच्या दिवसभराच्या अन्नातला २३ टक्के वाटा असा चोरीचा असतो. हा २३ चा आकडा नीट धरून ठेवा. शंभर टक्के भीतीवर कोणीच जगत नाही, पाव हिस्सा जगू शकतो.

इथे नमुन्यासाठी एक प्रजात पूर्ण रचून दाखवतो. नाव हबक्या, ठिकाण कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातला पंचगंगाकाठचा ऊस. हबक्याबद्दलचे आकडे रचलेले आहेत. माणूस, कोल्हा, ऊस आणि ध्वनी यांबद्दलचे खरे आहेत. तुमच्या प्राण्यातही ही दोन खाती वेगळी ठेवा, नाहीतर पंधराव्या पानावर आपलंच आपल्याला कळेनासं होतं की कुठला आकडा बदलायची मुभा आहे.

वजन आणि जमाखर्च

आधी वजन ठरवा, कारण बाकी सगळं त्यावर बसतं. सस्तन प्राण्याला नुसतं जिवंत राहायला रोज किती ऊर्जा लागते याचं सूत्र सोपं आहे: किलोमधलं वजन ०.७५ घातांकाला चढवा आणि ७० ने गुणा. हबक्या ८ किलोचा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर उत्तर येतं ३३३ किलोकॅलरी. हिंडणं, शिकार, थंडी धरून त्याची तिप्पट करा, म्हणजे दिवसाला साधारण १,००० किलोकॅलरी. पाव किलोच्या शेतउंदरातून सुमारे ३५० मिळतात. याचा अर्थ रोज तीन उंदीर किंवा तेवढ्या मोलाचं दुसरं काही.

आता ते कुठून येणार ते महिन्यांप्रमाणे लिहून काढा. वळवाचा पाऊस पडला की हुमणी या किडीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत अळ्या उसाच्या मुळाशी असतात. या काळात हबक्या उकरून खातो, जोडीला खेकडे आणि बेडूक. त्याला कुणाला घाबरवायची फारशी गरजच नसते. नोव्हेंबरपासून हुमणी कोषात जाते, जमीन टणक होते, तोड सुरू झाली की उंदीर उरलेल्या फडांत गोळा होतात आणि त्यांच्यामागे कोल्हे, रानमांजरं, मुंगसं येतात. हबक्याची चोरी याच हंगामातली. म्हणजे तुमच्या गोष्टीतली भयाची रात्र श्रावणात नको, ती मार्गशीर्षापासून पुढे घ्या. असा एक निर्णय जमाखर्चातून आपोआप पडतो, ही या पद्धतीची खरी कमाई.

थिजवायचं नाही, पळवायचं

बहुतेक रचना इथे फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. भीती एकच एक नसते. धोका लांब असेल तर प्राणी कान टवकारतो. धोका दिसला पण अजून अंतर आहे, तर तो थिजतो. नाडीची गती उलट कमी होते, अंग ताठ होतं. धोका अंगावर आला की मगच पळ किंवा चावा. आता तोंडात उंदीर धरलेला कोल्हा थिजला तर हबक्याला काय मिळालं? काहीच नाही. थिजलेला कोल्हा उंदीर घट्ट धरून बसतो. चोराला पळणारा बळी लागतो.

म्हणून हबक्याने मधला टप्पा गाळायचा. ४० मीटरवर त्याचा पत्ता नको, १५ मीटरवरही नको, थेट ३ मीटरवर उगवायचं. आणि पळवाट मोकळी सोडायची. कोल्ह्याचं वजन ७ ते ११ किलो, हबक्या ८ चा. कोंडीत धरलेला कोल्हा त्याचा कान फाडेल. उसात पळवाट कुठे असते हे सरीवर, म्हणजे उसाच्या ओळींमधल्या चरावर ठरतं. साडेतीन ते पाच फुटांच्या सरीतून लांबवर सरळ धावता येतं, आडवं मात्र खोडांच्या बेटांतून घुसावं लागतं. म्हणून हबक्याचा हल्ला नेहमी सरीला काटकोनात, वरंबा ओलांडून. कोल्हा सरी धरून बांधाकडे सुटतो, उंदीर जागेवर पडतो. चित्र काढताना याच क्षणाचा वरून दिसणारा आराखडा आधी काढा, प्राण्याचा चेहरा नंतर.

पुढची घडी शरीरशास्त्र लावून देतं. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे कोल्हा पाच-दहा मिनिटांत सावरून परत फिरेल. हबक्याला तेवढ्यात उंदीर उचलून फड बदलायचा आहे. दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉल, शिखर गाठतं वीस ते तीस मिनिटांनी, आणि त्या वेळात तो कोल्हा बारीक खुटखुटीनेही दचकेल. हबक्याला दुसरा डाव टाकायचा असेल तर तो याच अर्ध्या तासात, तोही नुसत्या आवाजावर.

तरी तोच डाव रोज चालत नाही. परिणाम न होणाऱ्या धमकीची सवय होते, आणि कोल्हा हुशार जनावर आहे. कलाहारीतला कोतवाल यावर तोडगा काढतो: बळी दाद देईनासा झाला की तो इशाऱ्याचा आवाज बदलतो, दुसऱ्या जातीचा इशारा नक्कल करून देतो. हबक्याला तीन आवाज द्या आणि एक नियम घाला, की एकाच कोल्ह्यावर तोच आवाज दहा रात्रींच्या आत पुन्हा नाही. यातूनच त्याचं क्षेत्र ठरतं. त्याला एका कोल्ह्याच्या मागे राहून भागत नाही, चार-पाच कोल्हे-मांजरांच्या हद्दी ओलांडत फिरावं लागतं, म्हणून तो विरळ असतो आणि एकटा असतो. त्याला एकटा ठेवायला शाप, सूड असलं काही कारण शोधावं लागत नाही.

पाचट, पाणी आणि माणूस

पाचट म्हणजे उसाची गळलेली वाळकी पानं. त्यावरून मुंगूस गेलं तरी खरखर ऐकू येते. ३ मीटरपर्यंत पोचायचं म्हणजे ही खरखर मिटवायलाच हवी. केसाळ तळवे, पसरट बोटं हे उपाय अर्धवट चालतील. पाचट वजनाखाली मोडतंच. खरा उपाय ओलं पाचट. ते दबतं, वाजत नाही. म्हणून हबक्या चोरीला बाहेर पडतो तो फडाला पाणी पाजल्याच्या रात्री.

आणि पाणी रात्री कोण पाजतं? थ्री फेज वीज रात्रपाळीची असली की शेतकरी बॅटरी आणि फावडं घेऊन मोटर चालू करायला जातो, सरीसरीने दारं मोडत, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवत, फिरतो. हबक्याला माणसाशी काही देणंघेणं नाही. दोघांना तीच रात्र सोयीची पडते इतकंच. हा योग जुळवून आणलात तर वाचकाला खरी धडकी भरते, कारण तो प्राणी माणसासाठी आलेला नाही आणि तरीही माणूस दर वेळी तिथे असणारच आहे.

माणसाच्या बाजूचं शरीरशास्त्रही पक्कं ठेवा. अंधारात डोळे पुरते सरावायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. एकदा बॅटरीचा झोत डोळ्यांवर आला की तो सराव गेला. त्यामुळे प्रसंग बॅटरी विझवल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत घ्या. अचानक मोठा आवाज झाला की पापणी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत मिटते, विचार नंतर येतो. वर्णनातही तोच क्रम ठेवा, आधी अंग, मग मन. अंधारात माणसाचा दचका वाढतो. उंदराचा मात्र लख्ख उजेडात वाढतो, कारण त्याला जोखीम उजेडाची आहे. हबक्याच्या भक्ष्याला आणि शेतकऱ्याला एकाच प्रकाशात सारखंच घाबरवू नका.

आवाज

‘अमुक हर्ट्झला माणसाला भूत दिसतं’ असल्या गोष्टींवर प्राणी उभा करू नका, पुरावा फार कच्चा आहे. खालच्या पट्टीतल्या आवाजाचा खात्रीचा गुण वेगळा आहे: तो कुठून येतो ते कळत नाही. गणपतीत डॉल्बीचा बेस छातीत वाजतो, पण कुठल्या गल्लीतून येतो ते कानाने सांगणं अवघड, तसं. दिशा न कळणं हीच हबक्याची शिदोरी.

अडचण अशी, की २० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे १७ मीटर असते. हत्तीसारख्या देहाला तो आवाज जमतो, ८ किलोच्या जनावराला नाही. मग त्याला बाहेरची नळी द्या. बोर्निओतला एक छोटा बेडूक झाडाच्या ढोलीत पाण्यात बसून, ढोली घुमेल त्या पट्टीपर्यंत आपला आवाज हलवत नेतो. आपल्या रचनेत ढोलीच्या जागी बांधावरची बंद पडलेली बोअर आहे, साडेसहा इंची. हबक्या तिच्या तोंडाला गळ्याची पिशवी टेकवतो आणि गुणगुणतो. एका टोकाला बंद असलेली नळी ज्या पट्टीत घुमते ती काढायला आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला ३४५ मीटर, हा पाण्यापर्यंतच्या खोलीच्या चौपटीने भागायचा. पाणी ४.३ मीटरवर असेल तर २० हर्ट्झ. पावसाळ्यात पाणी २ मीटरवर आलं तर ४३. उन्हाळ्यात १० मीटरवर गेलं तर ८.६, जो माणसाला स्वर म्हणून ऐकूच येत नाही.

अशी नळी मूळ पट्टीसोबत तिच्या तिप्पट आणि पाचपट पट्टीतही घुमते. २० चा घुमार असेल तर ६० आणि १०० ही असतात, आणि कानाला मुख्यतः तेच कळतात. उन्हाळ्यात तिप्पटही जेमतेम २६ होते. म्हणजे ऋतूप्रमाणे हबक्याचा आवाज आपोआप बदलतो: भाद्रपदात स्पष्ट हुंकार, वैशाखात नुसता कानात दडा बसल्यासारखा दाब. गावातल्या दोन माणसांची दोन वर्णनं जुळत नाहीत, याचं कारण तुमच्याकडे तयार आहे.

गेमसाठी हा आवाज बनवायचा असेल तर ४ इंची पीव्हीसी पाइपचा ८३ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, एक टोक एंड कॅपने पक्कं बंद करा. उघड्या तोंडापासून दोन बोटं अंतर ठेवून खालच्या सुरात गुणगुणा आणि सूर हळूहळू सरकवा. १०० हर्ट्झच्या आसपास पाइप हातात थरथरतो, तीच जागा. कॅप सैल असेल तर हवा गळते आणि घुमार येतच नाही, टेप गुंडाळा. मोबाइलचा स्पीकर ६० हर्ट्झ जवळजवळ वाजवतच नाही, १०० ही फार क्षीण वाजवतो, तेव्हा फक्त खालच्या पट्टीवर भिस्त ठेवलीत तर निम्म्या खेळाडूंना शांतताच ऐकू येईल. पाइपच्या तिप्पट आणि पाचपट, म्हणजे ३०० आणि ५०० च्या पट्ट्या ठळक ठेवा आणि त्यांच्यावर ओल्या पाचटाचा बारीक आवाज बसवा. प्रयोगासाठी खऱ्या बोअरचं झाकण कधीही उघडू नका, कितीही दिवस बंद असली तरी. उघडी बोअर लहान मुलांचा जीव घेते.

बाकी शरीर

उंची खांद्याला ३५ सेंटिमीटर, अंग अरुंद, रंग वाळक्या पाचटाचा. डोळ्यांत रातवा पक्ष्यासारखी चमक ठेवलीत तर बॅटरीत ते दुरून दिसतील आणि ३ मीटरचा डाव मोडेल. म्हणून चमक काढा आणि मोबदल्यात त्याची रात्रीची नजर अधू करा. तो कानावर चालतो. दात उकरणाऱ्या, किडे फोडणाऱ्या प्राण्याचे, बोथट. सुळे लहान. हे ऐकून चित्रकार हिरमुसतात, पण जो प्राणी मारत नाही त्याला सुळे लावले की जाणकार वाचक लगेच पकडतो.

शाडूत नमुना घडवणार असाल तर आत तारेचा सांगाडा घालू नका. वाळताना शाडू आकसतो, तार आकसत नाही, आणि पायांच्या सांध्यांवर हटकून तडे जातात. काथ्या मिसळा, पाय जाड ठेवा, सावलीत वाळवा.

वर्षाचं चक्र

गर्भकाळ कोल्ह्याइतका, सुमारे ६३ दिवस. पिल्लं जून-जुलैत झाली तर हुमणीच्या हंगामात आईचं दूध टिकतं आणि तोड सुरू होण्याआधी ती पायावर उभी राहतात. म्हणजे माजावर येणं एप्रिल-मेमध्ये. तेव्हा बहुतेक ऊस तुटून गेलेला असतो, पण आदल्या जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली फड उभाच असतो. दोन हबके एकमेकांना भेटतात ते अशा उरलेल्या फडांत.

बीळ कुठे? नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या रानात, नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि नदी तिथवर चढते ती नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये, पिल्लं बिळात असताना. २०१९ च्या ऑगस्टात तर ती ५५ फुटांच्या वर गेली. म्हणून बीळ माळावर, चर खोदून राहिलेल्या मुरमाच्या बांधात, आणि खाणं खाली मळीत. रोजची ये-जा मधल्या रस्त्यावरून. गाडीच्या दिव्यात त्याला कुणी पाहिलंच तर ते इथेच.

त्याला कशाची भीती

हा भाग गाळू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातल्या प्रयोगात पाणवठ्यावर आलेल्या प्राण्यांना सिंहांचे आवाज आणि माणसांचं साधं बोलणं ऐकवलं गेलं. माणसांच्या बोलण्याला ते जास्त घाबरून पळाले. हबक्याही माणसाच्या बोलण्याने पळेल. ऊसतोड टोळी फडात शिरली की त्याचं घर संपलं. तोडणीच्या पहिल्या दिवशी तो मधल्या दहा-बारा गुंठ्यांत दाबून बसेल, कारण कडेने सगळीकडून माणसं येत असतात, आणि शेवटच्या सऱ्या उरल्या की बाहेर फुटेल. थिजण्याचे, पळण्याचे तेच टप्पे आता त्याच्यावर. कोल्ह्यावर जे तुम्ही लिहिलंत ते इथे त्याच शरीराने, त्याच क्रमाने लिहा. वाचकाच्या मनात त्याच्याबद्दल माया उपजते ती इथे, आणि ती उपजायला हवी.

नुसत्या धास्तीचा आसपासच्या जिवांवर होणारा परिणामही वापरा. कॅनडातल्या एका प्रयोगात पक्ष्यांच्या घरट्यांना जाळीने पूर्ण संरक्षण देऊन फक्त शिकाऱ्यांचे आवाज ऐकवले. त्या हंगामात पिल्लं ४० टक्के कमी झाली. हबक्याच्या फडाभोवती तितर कमी, उंदीर सावध, आणि बांधाचं गवत जरा जास्त वाढलेलं, कारण तिथे चरायला कुणी थांबत नाही.

खुणा

प्रत्यक्ष प्राणी कमी दाखवा, खुणा जास्त. अर्धवट टाकलेल्या उंदरावर दोन तऱ्हेच्या दातांचे ठसे: एक कोल्ह्याच्या सुळ्यांचे खोल, दुसरे बोथट. बोअरच्या केसिंग पाइपची कड एकाच बाजूला तुळतुळीत. विष्ठेत हुमणीच्या अळ्यांची तपकिरी टणक डोकी, न पचलेली. ओल्या वरंब्यावर आडवी गेलेली पावलं, सरीतून गेलेली एकही नाही.

जागा बदललीत तर शरीरही बदला. दाजीपूरच्या दाट जंगलात बोअर नाही, तिथे भृंगराज पक्ष्यासारखी दुसऱ्यांच्या आवाजाची नक्कल लागेल. मसाई पठारावर आडोसा नाही, ३ मीटरचा डाव जमणारच नाही. रंकाळा तलावात ठेवणार असाल तर हृदयाची विजेची स्पंदनं टिपणारं इंद्रिय देता येईल, ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपस या सस्तन प्राण्याला गोड्या पाण्यात भक्ष्याच्या स्नायूंची वीज टिपणारं इंद्रिय आहे. पण हवेत ते चालत नाही, तेव्हा काठावर बसलेल्या माणसाचं त्याला काहीही कळता कामा नये.

चित्र, नमुन्याचा फोटो किंवा आवाजाची फाइल कुणालाही पाठवण्याआधी त्यावरच, कापून काढता येणार नाही अशा जागी, ‘काल्पनिक’ असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि खऱ्या गावाचं, खऱ्या गट नंबरचं नाव घालू नका. रात्री पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाच्या हातात फावडं असतं, आणि अफवा पसरलेल्या गावात अंधारात समोर येणारा बहुधा शेजारीच असतो.